दिवाळी अंकाचा मजकूर अनेकांनी मिळून संपादित करताना: फाइल, परवानग्या, शंका आणि मांडणी

दिवाळी अंकातला एक लेख लेखकाकडून निघून छापखान्यात पोचेपर्यंत पाच-सहा जणांच्या हातून जातो. संपादक, एखाद-दोन सहसंपादक, मुद्रितशोधक, चित्रकार, मांडणीकार आणि मध्येच पुन्हा एकदा लेखक. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा हा सगळा प्रवास कागदावर व्हायचा. हस्तलिखित ज्याच्या टेबलावर, काम त्याच्याकडे, इतकं ते सरळ होतं. आज तोच लेख मेलमध्ये, व्हॉट्सॲपवर, ड्राइव्हवर आणि मांडणीकाराच्या संगणकावर असा चार ठिकाणी असतो, आणि चारही प्रती थोड्या थोड्या वेगळ्या असतात.

संपादन मंडळातल्या कुरबुरी बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात. मुद्रितशोधकाने जुन्या प्रतीवर दोन संध्याकाळी घालवलेल्या असतात, सहसंपादकाने काढलेला परिच्छेद छापून आलेला असतो. दोघांनीही आपलं काम मन लावून केलेलं असतं. म्हणून पुढच्या सगळ्या सवयींचा पाया दोन गोष्टींवर आहे. लेखाची चालू प्रत कुठल्याही वेळी एकच असावी. आणि ती सध्या कोणाच्या हातात आहे, हे कोणालाही फोन न करता कळावं. कुठलं सॉफ्टवेअर वापरता हा त्यानंतरचा प्रश्न.

उदाहरणं गूगल डॉक्सची घेतली आहेत, कारण संपादक पुण्यात, मुद्रितशोधक नाशिकला, चित्रकार कोल्हापूरला अशा विखुरलेल्या आणि कमी पैशांत काम करणाऱ्या मंडळींना तेच सोयीचं पडतं. वर्डवर काम करणाऱ्यांसाठी जिथे रीत बदलते तिथे तसं सांगितलं आहे. कार्यालयाचे अहवाल, संस्थेची स्मरणिका, शाळेचं वार्षिक, सगळ्यांना यातलं बरंचसं लागू पडेल.

खातं अंकाचं असावं

पहिलं काम म्हणजे अंकाच्या नावाने एक वेगळं गूगल खातं उघडणं आणि सगळ्या फायली त्या खात्याच्या मालकीच्या ठेवणं. सहसंपादकाने उत्साहाने स्वतःच्या खात्यात फोल्डर आणि फायली केल्या, तर फायलींचा मालक तो होतो. पुढच्या वर्षी तो मंडळात नसला, की मागच्या अंकाचा मजकूर त्याच्या खात्यात अडकतो. शिवाय फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. कोणाच्या घरच्या लग्नाच्या फोटोंनी ती भरली की अंकाची नवी फाइल चढत नाही.

या खात्याचा पासवर्ड दोघांकडे असावा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू असावी आणि पडताळणीचा मोबाइल नंबर अशा माणसाचा असावा जो ऐन दिवाळीच्या तोंडावर परदेशी जाणार नाही. रोजचं काम मात्र या खात्यातून करू नका. प्रत्येकाने आपापल्या खात्यातूनच करायचं, नाहीतर कोणी काय बदललं याची नोंद एकाच नावावर जमा होते आणि त्या नोंदीचा काही उपयोग राहत नाही.

फोल्डर म्हणजे टप्पा

फोल्डर विषयवार न करता कामाच्या टप्प्यांप्रमाणे करा: मूळ मजकूर, संपादन, लेखकाची मान्यता, मुद्रितशोधन, मांडणीकडे, पानांच्या पीडीएफ. लेख एका टप्प्यातून पुढे गेला की तीच फाइल उचलून पुढच्या फोल्डरमध्ये हलवायची. हलवायची, नक्कल करायची नाही. फाइल हलवली तरी तिची लिंक तीच राहते, जुन्या शंका तिच्याबरोबर जातात, बदलांचा इतिहास शाबूत राहतो. नक्कल केली की इतिहास मागे राहतो आणि दुसरी प्रत जन्माला येते. परवानगी फोल्डरला दिली असेल, तर फाइल हलवल्यावर ती नव्या फोल्डरप्रमाणे बदलते, हेही लक्षात असू द्या. नेमकं ते आपल्याला हवंच असतं.

नावांत ‘अंतिम’, ‘नवीन’, ‘शेवटचं’ हे शब्द कायमचे बंद करा. लेख कुठल्या टप्प्यावर आहे हे फोल्डर सांगतं, मग नावाने ते सांगायची गरज उरत नाही. नावात अनुक्रमांक, लेखकाचं आडनाव आणि विषयाचा एक शब्द एवढं पुरे. अनुक्रमांक लेख आला त्या क्रमाने द्यायचा आणि अंकातलं स्थान बदललं तरी तो बदलायचा नाही. मंडळातल्या बोलण्यातही ‘सतरा नंबर’ म्हटलं की सगळ्यांना एकच लेख कळावा. अनुक्रमांक कायम दोन आकडी ठेवा, म्हणजे ९ च्या आधी १० येऊन बसत नाही. नावात तारीख घालायचीच असेल तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने घाला. तरच यादी तारखेप्रमाणे लागते.

फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवावं असं माझं मत आहे. मजकूर देवनागरीत आहे आणि नावही देवनागरीत असावं ही इच्छा मला पटते. पण मांडणीकाराकडचं जुनं झिप सॉफ्टवेअर किंवा छापखान्यातला जुना संगणक देवनागरी नावांचं पार कडबोळं करतो, आणि चाळीस फायलींत कुठला लेख कुठला हे उघडून बघत बसावं लागतं.

मूळ प्रत, आणि मग युनिकोड

लेख येतात तरी किती रूपांत! हस्तलिखिताचे फोटो, व्हॉट्सॲपच्या संदेशात सलग टाइप केलेली कथा, मेलच्या अंगात चिकटवलेली कविता, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधली वर्डची फाइल. आलं ते जसंच्या तसं ‘मूळ मजकूर’ फोल्डरमध्ये ठेवा, टप्प्याटप्प्याने हलणारी फाइल त्यावरून वेगळी करा आणि ‘मूळ मजकूर’वर सगळ्यांना फक्त वाचण्याची परवानगी द्या. पुढे वाद झाला, तर लेखकाने नेमकं काय लिहिलं होतं हे तिथे सापडतं.

लेख मागवतानाच सांगा की टाइप केलेली फाइल पाठवताना सोबत पीडीएफही पाठवा. जुन्या फाँटमधली फाइल डॉक्समध्ये उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. परिवर्तक (फाँट बदलून देणारं सॉफ्टवेअर) वापरून ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंचात, आणता येते, पण रूपांतरात रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी पुढे सरकते, क्वचित जोडाक्षर फुटतं. पीडीएफ शेजारी ठेवून एकदा सलग वाचल्याशिवाय तो मजकूर संपादनाला सोडू नये. हे काम एकाच माणसाकडे द्या आणि संपादन सुरू होण्याआधी पूर्ण करून घ्या.

युनिकोडमध्ये आलेल्या मजकुरातही डोळ्यांना न दिसणारे फरक असतात. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने बरेच जण ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र देतात. दोन्ही दिसायला सारखीच, पण शोधायला गेलात तर एक सापडतं, दुसरं सुटतं. ‘दऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला अर्धा र सुद्धा दोन पद्धतींनी टाइप होतो. आणि सगळ्यांत जास्त आढळणारी चूक म्हणजे विसर्गाच्या जागी अपूर्णविराम: ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ या शब्दांत विसर्गाऐवजी कळफलकावरचे दोन टिंब दिलेले असतात. छापल्यावर ते किंचित लांब पडतात आणि ओळ तिथेच तुटूही शकते.

हे सगळं शोधा-बदला वापरून सुरुवातीलाच एकसारखं करून घ्या. मात्र अपूर्णविरामाच्या बाबतीत ‘सगळे बदला’ हे बटण दाबू नका, कारण ‘उदाहरणार्थ:’ मधला अपूर्णविराम बरोबर आहे. शब्द घेऊन शोधा: आधी ‘स्वत:’, मग ‘दु:ख’, मग ‘नि:’ ने सुरू होणारे. अशा वीसेक शब्दांची यादी एकदा करून ठेवली की दर वर्षी कामाला येते. दुहेरी जागा आणि पूर्णविरामाआधीची मोकळी जागाही याच फेरीत काढा.

शैलीपत्रक: एक पान, एक धनी

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम आहेत. त्यांतल्या १४ नियमांना १९६२ साली राज्य सरकारने मान्यता दिली आणि १९७२ मध्ये चार नियमांची भर पडली. तरीही अंकात ठरवायचं बरंच उरतं. निवेदनात ‘केले’ की ‘केलं’? आकडे देवनागरी की रोमन? अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी? ‘व्हॉट्सॲप’ की ‘व्हाॅट्सअप’? एका लेखात एक आणि पुढच्या लेखात दुसरं असलं की वाचक अडखळतो, आणि त्याहून आधी मुद्रितशोधक आणि सहसंपादक एकमेकांचे बदल उलटे फिरवत बसतात.

म्हणून एका पानाचं शैलीपत्रक, म्हणजे अशा निर्णयांची यादी, करा. बदलण्याचा अधिकार एकट्या संपादकाला, बाकीच्यांना शेरा (कमेंट) टाकण्याची परवानगी. कोणी प्रश्न विचारला, निर्णय झाला, की त्याच दिवशी तो तारखेसह पत्रकात जायला हवा. फोनवर झालेला निर्णय चार दिवसांनी चौघांना चार प्रकारे आठवतो.

बोलींबद्दल विशेष काळजी घ्या. कथेतली पात्रं मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलत असतील तर प्रमाणलेखनाची सवय असलेला हात नकळत ते संवाद ‘दुरुस्त’ करतो. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर दोन-तीन ओळींची चौकट ठेवा आणि तिथे स्पष्ट लिहा: ‘संवाद मालवणीत आहेत, लेखकाच्या रूपांना हात लावू नये. शंका असल्यास शेरा टाकावा.’ कवितेच्या बाबतीत ओळी कुठे तुटतात आणि दोन कडव्यांत किती जागा आहे, हेही तिथेच लिहा. मांडणीत जाण्याआधी ही चौकट काढायला विसरू नका.

परवानगी माणूस बघून नव्हे, टप्पा बघून

गूगल डॉक्समध्ये तीन पातळ्या आहेत: वाचणे, शेरा टाकणे, बदलणे. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून सगळ्यांना बदलण्याची परवानगी द्यायची पद्धत पडलेली असते. त्यात अविश्वासाचा प्रश्न नाही. प्रवासात मोबाइलवर लेख वाचताना अंगठा लागून अर्धी ओळ उडाली, हे कोणाच्याही हातून होऊ शकतं.

संपादनाच्या टप्प्यात संपादक आणि तो लेख ज्याच्याकडे आहे तो सहसंपादक, या दोघांनाच बदलता यावं. लेखकाला शेरा टाकण्याची परवानगी. मुद्रितशोधकाला त्याचा टप्पा आला की बदलण्याची. चित्रकाराला आणि मांडणीकाराला वाचण्याची पुरते. मांडणीकार मजकूर उचलून नेऊ शकतो, डॉक्समध्ये त्याला काही लिहायचं नसतं. जाहिराती पाहणाऱ्याला लेखांच्या फोल्डरमध्ये काहीच काम नाही.

‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय न प्रकाशित झालेल्या साहित्यासाठी वापरू नये, यावर मी ठाम आहे. एखाद्या कथाकाराने वर्षभर जपलेली कथा आपल्या भरवशावर दिलेली असते. लिंक एका गटातून दुसऱ्या गटात गेली की ती कोण वाचतंय यावर कोणाचाही ताबा राहत नाही. मेल पत्त्यानेच परवानगी द्या. शेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन, संपादन करणाऱ्यांना इतरांना परवानगी देता येणार नाही अशी व्यवस्थाही करून ठेवा. दर पंधरवड्याला एकदा यादी उघडून ज्यांचं काम संपलं त्यांची नावं काढायची.

तीन प्रकारचे बदल, तीन रीती

आता मुख्य काम. संपादनातले सगळे बदल एका जातीचे नसतात आणि ते एकाच पद्धतीने करायला गेलं की गोंधळ होतो. शुद्धलेखन, विरामचिन्हं, शैलीपत्रकात ठरलेली रूपं हे बदल थेट करा. त्यांची सूचना ठेवली, तर लेखक फाइल उघडतो तेव्हा दोनशे रंगीत खुणा दिसतात आणि आपल्या लेखाची चिरफाड झाली असं त्याला वाटतं. वाक्याची रचना, शब्दाची निवड, परिच्छेदाची जागा असे बदल ‘सजेस्टिंग’ मोडमध्ये करा, म्हणजे जुनं आणि नवं दोन्ही दिसतं आणि लेखकाला त्याखाली होकार-नकार कळवता येतो. आशयाला हात लागत असेल, तर मजकूर अजिबात बदलू नका. शेरा टाकून विचारा.

शेरा कसा टाकावा, हे एका उदाहरणातून पाहू. लेखातलं वाक्य असं आहे: ‘१९७२ च्या दुष्काळात गावातल्या विहिरी आटल्या आणि त्याच वर्षी धरणाचं काम सुरू झालं.’ पुढे तिसऱ्या पानावर लेखक म्हणतो की धरणाचं काम १९७४ मध्ये सुरू झालं. बहुतेक ठिकाणी यावर एका शब्दाचा शेरा असतो: ‘तपासा.’ कोणी तपासायचं, काय तपासायचं, कधीपर्यंत, काहीच कळत नाही. लेख त्या शेऱ्यासकट दोन टप्पे पुढे जातो. त्याऐवजी असं लिहा: ‘इथे धरणाचं काम १९७२ ला सुरू झालं असा अर्थ निघतो, पान ३ वर १९७४ आहे. कोणतं साल ठेवायचं? लेखकाला विचारावं, २० तारखेपर्यंत.’ आणि शेऱ्यात ज्याने विचारायचं त्याचा मेल पत्ता ॲट चिन्हासह घालून तो शेरा त्याच्या नावावर सोपवा. त्याला मेल जातो, आणि त्याच्यासाठी ते एक काम म्हणून दिसत राहतं.

एका शेऱ्यात एकच शंका. तीन शंका एकत्र लिहिल्या की दोनांची उत्तरं मिळतात आणि शेरा मिटवला जातो. शेरा मिटवण्याचा अधिकार ज्याने टाकला त्याचाच. उत्तर देणाऱ्याने स्वतःच ‘रिझॉल्व्ह’ दाबू नये. मिटवलेले शेरे पुसले जात नाहीत, शेऱ्यांच्या इतिहासात सापडतात, पण तिथे जाऊन बघायला कोणाला सवड असते? एखाद्या मुद्द्यावर तिसरं उत्तर आलं की लिहिणं थांबवून फोन करा, आणि काय ठरलं ते एका ओळीत त्याच शेऱ्याखाली नोंदवा.

शेऱ्यातली भाषा लेखक वाचणार आहे हे धरूनच लिहा. ‘हा परिच्छेद पाल्हाळिक आहे’ यापेक्षा ‘हा प्रसंग आधी पान २ वर येऊन गेला आहे, इथे चार ओळींत आणता येईल का?’ हे लिहायला जरा जास्त वेळ लागतो, पण लेखकाला त्यातून काम करता येतं. ज्येष्ठ लेखक असोत की पहिलीच कथा लिहिणारी मुलगी, रीत तीच.

लेखकाला मान्यतेसाठी फाइल दाखवताना सूचना स्वीकारल्यावर लेख कसा दिसेल, हे पाहण्याची सोय डॉक्सच्या ‘टूल्स’ मेन्यूत सुचवलेल्या बदलांचा आढावा घेण्याच्या पर्यायात आहे. ती लेखकाला सांगा. स्वच्छ मजकूर सलग वाचायला मिळाला की पटणारे बदल लवकर पटतात. काही ज्येष्ठ लेखकांना डॉक्स उघडणं जमत नाही; त्यांना मोठ्या टाइपातली छापील प्रत पाठवा आणि त्यांनी फोनवर सांगितलेले बदल त्यांच्या नावाने शेऱ्यात नोंदवून मगच करा.

वर्डवर काम करत असाल तर ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवूनच फाइल उघडायची. मेलने फिरणाऱ्या वर्ड फाइलला एक जास्तीचा नियम लागतो: ज्याच्याकडे फाइल पाठवली त्याच्याकडून परत येईपर्यंत इतर कोणी आपल्या प्रतीत अक्षरही बदलायचं नाही. तरीही दोन प्रती झाल्याच, तर डोळ्यांनी जुळवत बसू नका. वर्डमध्ये दोन फायलींची तुलना करून फरक दाखवणारा ‘कंपेअर’ पर्याय आहे, तो वापरा.

तक्ता आणि हस्तांतराचा निरोप

एक शीट करा. प्रत्येक लेखाला एक ओळ: अनुक्रमांक, शीर्षक, टप्पा, सध्या कोणाकडे, कोणत्या तारखेपासून, किती शब्द, उघड्या शंका किती, चित्र आलं का, आणि फाइलची लिंक. ‘टप्पा’ आणि ‘कोणाकडे’ हे रकाने यादीतून निवडण्याचे करा, म्हणजे एकाने ‘मुद्रितशोधन’ आणि दुसऱ्याने ‘प्रूफ’ असं लिहिलं जात नाही आणि चाळणी लावता येते. ओळ बदलायची ती काम पुढे देणाऱ्याने, घेणाऱ्याने नाही. देणाऱ्याला काम संपल्याचं नक्की माहीत असतं. घेणारा दोन दिवसांनी बघतो.

तारखेचा रकाना मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दर रविवारी त्या रकान्याप्रमाणे क्रम लावला की दहा दिवसांहून जास्त एका जागी पडलेले लेख वर येतात. कोणालाही न दुखावता चौकशी करता येते.

व्हॉट्सॲपचा गट ठेवा, पण तिथे फाइल टाकायची नाही. फक्त निरोप आणि लिंक. निरोपाचा साचा ठरवून घ्या. ‘सतरा नंबर संपादन पूर्ण, मुद्रितशोधनाकडे. दोन शंका उघड्या आहेत, लेखकाच्या उत्तराची वाट पाहतोय. शेवटच्या कवितेच्या ओळी लेखकाने मुद्दाम तशा ठेवल्या आहेत.’ एवढ्यात पुढच्या माणसाला हवं ते सगळं येतं.

वेळापत्रक आखताना पंचांग उघडून बसा. अधिक मास आलेल्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात सरकते (२०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं) आणि नेहमीपेक्षा तीन आठवडे जास्त मिळाल्यासारखं वाटतं. पण गणपतीही बहुधा तितकेच पुढे गेलेले असतात. त्या दहा-बारा दिवसांत कोणाकडूनही काम होईल असं धरू नका.

मागच्या आवृत्त्या

डॉक्स प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं, पण नाव न दिलेल्या शेकडो नोंदींत हवी ती सापडणं अवघड. टप्पा संपला की ‘व्हर्जन हिस्टरी’त जाऊन त्या क्षणाला नाव द्या: संपादन पूर्ण, लेखकाची मान्यता, मुद्रितशोधन पूर्ण. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

उडालेला परिच्छेद परत आणायचा असेल तर जुनी आवृत्ती सरसकट ‘रिस्टोर’ करू नका. तसं केलं की त्यानंतरच्या सगळ्यांच्या दुरुस्त्याही मागे जातात. जुनी आवृत्ती उघडून हवा तेवढाच मजकूर उचला आणि चालू प्रतीत चिकटवा. ड्राइव्हवर ठेवलेल्या वर्ड किंवा पीडीएफ फायलींचं मात्र वेगळं आहे: त्यांच्या जुन्या आवृत्त्या कायम ठेवण्याची खूण केली नसेल, तर ३० दिवसांनंतर किंवा शंभरावर आवृत्त्या झाल्या की काढून टाकल्या जाऊ शकतात. कचऱ्यात टाकलेली फाइलही ३० दिवसांनी कायमची जाते.

मांडणीकडे गेल्यावर डॉक्स बंद

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा मंडळाने एकत्र बसून समजून घ्यावा. मांडणीकाराने मजकूर इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नेला, त्या क्षणी चालू प्रत बदलली. डॉक्समधली प्रत आता जुनी झाली. तिथे केलेला कुठलाही बदल छापला जाणार नाही. म्हणून फाइल ‘मांडणीकडे’ फोल्डरमध्ये जाताच संपादकासकट सगळ्यांची परवानगी फक्त वाचण्यापुरती करा. बदलण्याचा अधिकार अंकाच्या खात्याकडे तेवढा राहू द्या. त्याआधी उघडी शंका किंवा न स्वीकारलेली सूचना एकही उरलेली नसावी.

मांडणीकाराला सुरुवातीलाच दोन गोष्टी विचारा. इनडिझाइनमध्ये देवनागरीसाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला आहे ना? नसेल तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या सरकतात. आणि मजकुराची भाषा मराठी लावली आहे का? फाँटमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं त्यामुळेच येतात, नाहीतर हिंदीची येतात. मांडणीकार जुन्या फाँटमध्येच काम करत असेल तर युनिकोडमधून पुन्हा उलटं रूपांतर होणार, आणि मग पूर्ण मुद्रितशोधनाची एक फेरी वेळापत्रकात वाढवावीच लागते.

पानं आल्यावर दुरुस्त्या फक्त पीडीएफवर आणि त्याही एकाच तक्त्यात: पान, स्तंभ, वरून कितवी ओळ, काय आहे, काय हवं. उदाहरणार्थ, ‘पान ४६, दुसरा स्तंभ, वरून ११ वी ओळ, आहे: महिला दीन, हवं: महिला दिन’. अशी चूक संगणकाच्या तपासणीत सापडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत; ती माणसालाच दिसते. वाचणारे तिघे असले तरी मांडणीकाराकडे तक्ता एकानेच पाठवायचा. तिघांनी तीन याद्या पाठवल्या की त्यातल्या दोन दुरुस्त्या एकमेकींना काटतात, आणि निर्णय मांडणीकारावर पडतो, जे त्याचं काम नाही.

फेऱ्या दोनच. पहिलीत सगळं सांगा. दुसरीत सांगितलेलं झालं का आणि त्याने शेजारी काही बिघडलं का, एवढंच पाहा. या टप्प्यावर सुचलेलं सुंदर वाक्य सोडून द्यायचं. एक ओळ वाढली की पुढचा मजकूर सरकतो, लेखाची शेवटची चार अक्षरं नव्या पानावर जातात, आणि अंक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापला जात असल्याने एक जास्तीचं पान सहज सामावत नाही.

मानधनाची यादी वेगळी

लेखकांचे बँक खाते क्रमांक, पॅन, पत्ते, फोन हे लेखांच्या तक्त्यात कधीही घालू नका. त्यासाठी वेगळं फोल्डर, परवानगी संपादक आणि हिशेब पाहणाऱ्यालाच. मानधनासाठी आधारची प्रत मागायची गरज नसते; जिथे मागितलीच जाते तिथे क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी लेखकाने विश्वासाने दिलेला खाते क्रमांक वीस जणांच्या मोबाइलवर फिरू न देणं हे आपलं कर्तव्यच आहे. व्हॉट्सॲपवर आलेले पासबुकाचे फोटो उतरवून घेऊन लगेच तिथून काढून टाका.

अंक छापून आल्यावर

मानधन पोचलं आणि हिशेब पूर्ण झाला की, हिशेबासाठी ठेवणं भाग आहे ते सोडून, बाकीची वैयक्तिक माहिती काढून टाका. लेखांच्या फोल्डरवरच्या बाहेरच्यांच्या परवानग्या काढा. शैलीपत्रक आणि शब्दांची यादी पुढच्या वर्षीच्या फोल्डरमध्ये न्या. त्यांची नक्कल मात्र करायला हरकत नाही.

एक काम हमखास राहून जातं. काही महिन्यांनी ई-बुक काढायचं ठरतं, किंवा लेखक आपला लेख पुस्तकासाठी मागतो, आणि कोणीतरी डॉक्समधली फाइल उचलून पाठवतं. त्या फाइलमध्ये पानांवर झालेली एकही दुरुस्ती नसते. म्हणून अंक छपाईला गेला त्याच आठवड्यात मांडणीकाराकडून प्रत्येक लेखाचा मजकूर इनडिझाइनमधून बाहेर काढून घ्या, तो छापील पानांच्या पीडीएफशेजारी ‘छापलेला मजकूर’ या फोल्डरमध्ये ठेवा आणि तक्त्यातली लिंक बदलून तिकडे वळवा. मांडणी जुन्या फाँटमध्ये झाली असेल तर हा मजकूर युनिकोडमध्ये आणून रफार आणि वेलांट्या पुन्हा एकदा पीडीएफशी ताडून पाहाव्या लागतील. त्यासाठी मुद्रितशोधकाचे दिवस आणि त्याचं मानधन सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरा.